साताऱ्यातला देवाचा दरबार

कुंडल म्हटले की प्रतिसरकार आठवते, नाना पाटील आठवतात, जी. डी. बापू लाड आठवतात. ते सारे १९४२ नंतरचे. त्याआधी पंचवीस वर्षे कुंडल हे औंध संस्थानातले एक खेडे होते आणि बाहेरच्या जगाला ते ठाऊक होते ते मुख्यतः रेल्वेमुळे. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘कुंडल रोड’ नावाचे एक आडबाजूचे स्टेशन होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्या स्टेशनालगतच्या निवडुंगाच्या माळावर नांगराचा कारखाना उभारायला घेतला आणि पुढे स्टेशनाचे नावच किर्लोस्करवाडी झाले. तेव्हा सांगली जिल्हा अस्तित्वात नव्हता. संस्थानांचे तुकडे सोडले तर तासगाव, वाळवा, खानापूर हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता.

कुंडल रोडवर उभे राहिले तर उत्तरेकडे जाणारी गाडी सातारा रोडला पोचवी आणि दक्षिणेकडची मिरजेला. पहिले महायुद्ध पेटलेले असताना या एका लोहमार्गाच्या आसपास तीन निराळ्या माणसांची तीन निराळी कामे चालू होती. मधे किर्लोस्करांचे लोखंड. दक्षिणेला मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस या कॅनडात जन्मलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनरी शल्यविशारदाचे रुग्णालय. ते १८९४ साली उभे राहिले तेव्हा त्याला पैसा मिळाला होता तो फिलाडेल्फियाच्या एका रेल्वे-इंजिन कारखानदाराकडून. आणि उत्तरेला, साताऱ्यात, पंचावन्न वर्षांच्या एका मराठी कवीने १९१७ साली अशी एक गोष्ट सुरू केली जिला इमारत नव्हती, निधी नव्हता, पगारदार नोकर नव्हते. तिचे नाव त्याने ठेवले ‘देवाचा दरबार’.

हा कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेच्या पुस्तकातून आपल्याला ते फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून भेटतात. साताऱ्यात त्यांनी जे केले त्याची वाच्यता त्या मानाने फार कमी होते, आणि होते तेव्हा एक फसलेला प्रयोग म्हणून होते. मला तसे वाटत नाही. त्यासाठी हा प्रयोग कशातून निघाला ते आधी पाहावे लागेल.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात उच्चवर्णीय माणूस ख्रिस्ती झाला की त्याचे नेमके काय जाई? १८५० च्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क कागदावर शाबूत ठेवला होता. पण कायद्याने आई परत मिळत नसे, बायको परत मिळत नसे, विहिरीवर पाणी मिळत नसे. गावात जागा उरली नाही की माणूस मिशनच्या आवारात येई. तिथे त्याला शिक्षकाची, उपदेशकाची किंवा छापखान्यातली नोकरी मिळे, राहायला खोली मिळे. दलित समाजातून आलेल्यांचीही गोष्ट याहून फार वेगळी नव्हती. कोडोली, सांगली, मिरज या पट्ट्यात आणि तिकडे नगरकडे दुष्काळांच्या वर्षांत अनेक जण मिशनच्या आश्रयाला आले. हा आश्रय खरा होता आणि त्याने हजारो जीव वाचवले, हे आधी म्हटले पाहिजे. पण त्यातून एक व्यवस्था तयार झाली. पगार ठरवणार परदेशी मिशनऱ्यांची समिती, पगार घेणार देशी ख्रिस्ती. गावातल्या लोकांच्या दृष्टीने उपदेशक म्हणजे साहेबाचा नोकर. तो देवावर भरवसा ठेवा असे सांगू लागला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राही: याचा भरवसा देवावर, की पहिल्या तारखेवर?

टिळकांना हा प्रश्न आयुष्यभर बोचत राहिला.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचे, वडील कडक, आई लहानपणीच गेलेली. पोर घर सोडून नाशिकला आले, संस्कृत शिकले, कविता करू लागले. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी त्यांचे लग्न झाले. तीच पुढे लक्ष्मीबाई. टिळक एका गावी टिकत नसत. आज इथे मास्तरकी, उद्या तिथे कीर्तन, परवा नागपुरात श्रीमंत बुटींच्या आश्रयाला राहून ‘ऋषी’ मासिकाचे संपादन. हातात आलेला पैसा कोणाच्या तरी हातावर ठेवून रिकाम्या हाताने घरी यायचे, आणि बायकोने चूल कशी पेटवायची ते तिने बघायचे. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात असले प्रसंग पानोपानी आहेत आणि वाचताना हसू येते, कारण लिहिणारीने ते हसतच लिहिले आहेत. पण त्या काळात त्यांची पहिली अपत्येही दगावली होती, आणि हाच संसार त्यांनी पुन्हा पुन्हा पाठीवर टाकून गावोगाव नेला होता.

१८९३ साली टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. तो त्यांच्याशी आदराने बोलला, संस्कृत काव्याविषयी बोलला आणि उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली. वाचीन, असे वचन टिळकांनी त्याला दिले. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत त्याने केल्याचे टिळक सांगत. तो फ्री मेथडिस्ट मिशनचा अर्नेस्ट वॉर्ड होता, हे पुष्कळ उशिरा उलगडले. दिलेल्या शब्दाखातर टिळक पुस्तक वाचू लागले. मन लागेना. मग मत्तयाच्या शुभवर्तमानातले डोंगरावरचे प्रवचन आले आणि त्यांना पुस्तक खाली ठेवता येईना.

त्या प्रवचनाच्या मध्यभागी दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एक, कसर आणि गंज जिथे पोचतात तिथे ठेवा साठवू नये, कारण माणसाचे मन त्याच्या ठेव्यापाशीच जाऊन बसते. दुसरी, उद्याच्या अन्नवस्त्राची काळजी करू नये. रानातली फुले आणि आभाळातली पाखरे कोणाच्या आधाराने जगतात ते पाहावे. ज्या माणसाने आयुष्यात कधी पैसा साठवला नव्हता आणि ज्याची कविता फुलापाखरांभोवतीच फिरत होती, त्याला ही शिकवण आपल्याच मनातली वाटली असणार. फरक इतकाच की आतापर्यंत जो त्यांचा स्वभाव होता, तो आता त्यांचा धर्म झाला.

पुढची दोन वर्षे मुंबईतल्या जस्टिन अॅबट यांच्याशी पत्रव्यवहार, वाद आणि तळमळ यांत गेली. अॅबट अमेरिकन मराठी मिशनचे. मराठी संतांची चरित्रे आणि अभंग त्यांनी पुढे इंग्रजीत नेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो देशी पाळकाच्या हातून व्हावा असा त्यांचा आग्रह होता आणि रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी तो विधी केला. पहिल्याच दिवशी त्यांनी या बाबतीत आपली बाजू स्पष्ट केली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्या वाढल्या होत्या कसल्या घरात? वडिलांच्या नात्यातल्या एकाला १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने नाना गोखल्यांनी सोवळ्याचा ध्यास घेतला. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही. धान्य तर धुवायचेच, पण जे धुतले असता विरघळते तेही धुवायचे. माणसाचा स्पर्श, सावली, शब्द यांपासून घर राखायचे. त्या घरातल्या मुलीचा नवरा आता कोणाच्याही पंक्तीला बसून जेवत होता. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या बहीण-मेहुण्यांच्या आश्रयाने पंढरपूरला राहिल्या. त्या दुःखात त्यांना कविता सुचू लागली. अक्षरओळख जेमतेम असलेल्या बाईला कविता सुचावी, आणि तीही नवऱ्याने धर्म सोडला म्हणून, याचा अर्थ लावायला मला अजून नीटसे जमलेले नाही. टिळक पत्रे पाठवीत राहिले. चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला आल्या, आधी आपले सोवळे वेगळे राखून राहिल्या, हळूहळू एकेक बंधन स्वतः विचार करून सोडत गेल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोणी त्यांना ओढून नेले नव्हते.

ते वर्ष छप्पन्नाच्या (संवत १९५६ च्या) दुष्काळाचे. नगर जिल्हा होरपळत होता. मिशनच्या अनाथालयांत जागा पुरत नव्हती. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांनी उभारलेल्या मदतकार्याची दखल सरकारने कैसर-ए-हिंद पदक देऊन घेतली. टिळक दांपत्याने अनाथ मुले घरात घेतली, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. मीठही धुऊन घेणाऱ्या घरातली लेक आता उकिरड्यावरून उचललेल्या, अंगावर खरूज आणि उवा असलेल्या, जात न विचारलेल्या पोरांची डोकी धूत होती. देवावरचा भरवसा हा शब्द आपण सहज वापरतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तो असा होता, हातांनी करायचा.

नगरमध्ये टिळक धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. ‘ज्ञानोदय’ म्हणजे १८४२ पासून चाललेले मिशनचे पत्र. या सगळ्यापेक्षा मोठे काम होते गाण्यांचे. तोपर्यंत मराठी प्रार्थनामंदिरात विलायती चालींची भाषांतरित गीते गायली जात. नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी आधीच्या पिढीत ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडून ठेवली होती. टिळक त्या वाटेने पुढे गेले. अभंग, ओवी, पद, आरतीच्या चाली, टाळ आणि पेटी यांत त्यांनी ख्रिस्ताची भक्ती बसवली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघड सांगत, आणि पूल ओलांडल्यावर तो मोडून टाकावा असे त्यांना कधी वाटले नाही. ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांच्या गीतांचा वाटा फार मोठा आहे. सांगली-साताऱ्याकडच्या मंडळ्यांत रविवारी जे गायले जाते त्यातले पुष्कळसे त्यांचे असते, आणि गाणाऱ्यांपैकी अनेकांना कवीचे नाव आठवावेही लागत नाही, इतके ते मुरलेले आहे.

म्हणजे कवी म्हणून मान होता, काम होते, पगार होता. मग १९१७ मध्ये हे सोडायचे कारण काय?

त्या वर्षाची हवा आधी पाहू. लोकमान्यांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावात होमरूल लीग काढली होती. स्वराज्य हा शब्द सातारच्या चावडीपर्यंत पोचला होता. २० ऑगस्ट १९१७ ला माँटेग्यूंनी पार्लमेंटात जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. ख्रिस्ती जगातही खळबळ होती. १९१० च्या एडिंबरोच्या जागतिक मिशन परिषदेत तामिळ पाळक अझरायांनी मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले होते की तुम्ही आम्हाला पैसा दिलात, जीव दिलात, आता मैत्री द्या. नारायण वामन टिळक देशभक्तीची गाणी लिहिणारे होते. देशाला स्वराज्य हवे आणि देशातल्या ख्रिस्ती मंडळीला मात्र समितीची ताबेदारी पुरे, हे त्यांच्या मनाला पटण्यासारखे नव्हते.

पण हे राजकारण एवढेच कारण मानले तर चुकेल. त्यांची तळमळ त्याहून साधी आणि अधिक खोल होती. डोंगरावरच्या प्रवचनाने ज्याला ओढून आणले, त्याने पगार घेत घेत ते प्रवचन शिकवावे, यात त्यांना काहीतरी अर्धवट राहिल्यासारखे वाटे. आपल्या लोकांना संन्यासी समजतो, फकीर समजतो, वारकरी समजतो. नोकर उपदेशक समजत नाही. म्हणून १९१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि तसे ‘ज्ञानोदया’तून जाहीर केले. मिशनरी मित्रांशी भांडण झाले नाही; ह्यूमसारख्यांविषयीचा जिव्हाळा होता तसा राहिला. मुक्काम हलला साताऱ्याला.

साताराच का? अमेरिकन मराठी मिशनचे इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ठाणे होते, पण नगरसारखा मोठा पसारा नव्हता. नगरला टिळक म्हणजे मिशनचे टिळक. साताऱ्यात ते छत्रपतींच्या राजधानीत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, ब्राह्मणी पेठा आणि सत्यशोधकांची वाढती चळवळ यांच्यामधे येऊन बसले. ज्यांच्याशी त्यांना बोलायचे होते ते हेच लोक होते. आणि दरबार हा शब्द साताऱ्यात कोणाला समजावून सांगायला नको होता.

दरबाराची कल्पना अशी. ख्रिस्ताला आपला गुरू आणि स्वामी मानणारा कोणीही या बंधुमंडळात येऊ शकेल, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. घर, जात, नाव सोडून मिशनच्या आवारात यायची अट नाही. कोणी वरिष्ठ नाही, कोणी पगारी नाही. जो येईल त्याने आपापल्या जागी राहून, आपली चूल आपण पेटवून, सेवा करावी. खर्चाचे काय? देव पाठवील त्यात भागवायचे. कोणाकडे मागायला जायचे नाही. टिळकांनी स्वतः संन्यस्त वृत्ती पत्करली, पण बायकामुलांना टाकले नाही. घरात राहून संन्यास, अशी ती अवघड जात होती.

यावर टीका झाली ती दोन्ही बाजूंनी. सनातन्यांना हा गोड बोलून बाटवण्याचा नवा डाव वाटला. मंडळीतल्या अनेकांना वेगळेच दुखले. बाप्तिस्म्यापायी ज्यांनी आईबाप गमावले, मार खाल्ला, गावाबाहेर झाले, त्यांना आता सांगायचे की बाप्तिस्मा न घेताही दरबारात जागा आहे? मग आम्ही जे सोसले ते कशासाठी? हा आक्षेप मला हलका वाटत नाही. टिळकांनीही तो हलका मानला नसावा, कारण त्यांच्या घरात त्या बाप्तिस्म्याची पाच वर्षांची किंमत मोजलेली बाई बसली होती. त्यांचे म्हणणे एवढेच होते की दार उघडे ठेवणे आपले काम, आत कोणाला कधी घ्यायचे ते धन्याचे.

आणि मग आले १९१८ साल.

५ मे रोजी जळगावजवळ भादली स्टेशनापाशी रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून बालकवी ठोंबरे गेले. वय २७. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात या मुलाला बालकवी ही पदवी मिळाली, त्यानंतर टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले होते. लक्ष्मीबाईंनी त्याचे हट्ट, रुसवे, भुका सगळे पुरवले. ब्राह्मणाचा पोरगा ख्रिस्त्याच्या घरी राहतो म्हणून कोण काय म्हणेल याची तमा या घराने केली नाही आणि त्याला धर्म बदल असेही कधी सांगितले नाही. तो त्यांचा ठोंबरेच राहिला. साताऱ्यात ही बातमी आली तेव्हा या दोघांनी पोटचे पोर गेल्यासारखे दुःख केले असणार, त्यात शंका नको.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. युद्धामुळे धान्य, कापड, रॉकेल महागले होते, त्यात खरीप हातचे गेले. जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेला इन्फ्लुएंझा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या लाटेने परतला आणि रेल्वेच्या रुळांवरून गावोगाव पोचला. प्लेगाची या भागाला वीस वर्षांची सवय होती. प्लेग आला की माळावर झोपड्या टाकून राहायचे हे लोकांना माहीत होते. हा ताप वेगळा. तो धडधाकट तरुणांना धरी आणि चार दिवसांत नेई. स्मशानात लाकडे मिळेनात. त्या काळच्या सरकारी अंदाजानेही हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास माणसे गेली. मिरजेच्या मिशन रुग्णालयासारख्या ठिकाणी निदान खाटा होत्या, परिचारिका होत्या, औषधाच्या बाटल्या होत्या. साताऱ्यातल्या दरबाराकडे काय होते?

एक घर, एक कवी, एक गृहिणी, आणि येईल त्याला जेवायला घालायची सवय. पगार बंद झालेल्या घराचा हिशेब सोपा असतो. कापडाचे मोजमाप कमी होते, तूप जाते, मग तेलाचा हात आखडतो, भाकरी तेवढीच राहते आणि खाणारी तोंडे वाढतात. टिळकांचा भरवसा होता की देव पुरवील. तो पुरवी. पण पुरवलेल्यातून पाच पानांची सात पाने करायचे काम लक्ष्मीबाईंकडे असे. आधीच्या आयुष्यात नवऱ्याच्या उधळ्या दानशूरपणाशी त्या भांडत आल्या होत्या. आता तोच दानशूरपणा व्रत म्हणून घरात आला होता आणि व्रताशी भांडता येत नाही. म्हणून मला या प्रयोगाचे अर्धे श्रेय नव्हे, अर्ध्याहून अधिक श्रेय त्यांना द्यावेसे वाटते. टिळकांनी आपला ठेवा स्वर्गात ठेवला, हे खरेच. पण तो तिथे ठेवताना घरातला डबा रिकामा झाला तो त्यांच्या एकट्याचा नव्हता.

साताऱ्याच्या मुक्कामात टिळकांची भक्तिकविता ऐन भरात होती. ‘अभंगांजली’तले अभंग या शेवटच्या काळाच्या मनःस्थितीतले. त्यांत वादविवाद नाही, मिशन नाही, समिती नाही. देव आणि भक्त दोघेच समोरासमोर. वारकऱ्याने एकादशीला म्हणावेत इतके ते मराठी आहेत. लोक येत, बसत, बोलत. काही सुशिक्षित हिंदू तरुण ओढले गेले. पण दरबाराची मंडळी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच राहिली. गावोगाव शाखा निघाव्यात, एक चळवळ उभी राहावी, असे जे स्वप्न होते, त्याला लागणारा वेळ मिळालाच नाही. १९१९ उजाडले तेव्हा टिळकांची प्रकृती ढासळली होती. उपचारासाठी त्यांना मुंबईला नेले. ९ मे १९१९ रोजी ते तिथे वारले. दरबार सुरू होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. भाऊराव त्याआधी किर्लोस्करांचे नांगर विकत कुंडल रोडपासून गावोगाव हिंडले होते, पुढे त्यांनी संस्था साताऱ्याला आणली आणि सगळ्या जातींची पोरे एका पंक्तीला बसवली. टिळकांचा त्यांच्याशी संबंध आला होता असे मी म्हणत नाही. पण साताऱ्याची जमीन त्या दोन-चार वर्षांत कसकशी नांगरली जात होती, हे त्यावरून कळते.

दरबार मोडला. टिळकांवाचून तो चालण्यासारखा नव्हता, कारण नियम नाहीत, निधी नाही, वारसदार नाही असेच तो मुद्दाम बांधला होता. मिरजेचे काम मात्र वाढत गेले: वैद्यकीय शाळा, कुष्ठरोग्यांचे आश्रयस्थान, मग वॉनलेसवाडीचे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम. जे दगडाविटांत आणि नियमांत बांधले ते टिकले, हे कोणी नाकारू नये. तिथे बरी झालेली माणसे खरी होती. तरीही दरबाराची गोष्ट ९ मेला संपली नाही.

जॅक विन्स्लो हा तरुण अँग्लिकन मिशनरी टिळकांना ओळखत होता, त्यांच्या गीतांनी भारावला होता. त्याने १९२२ साली ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला आणि पुढच्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. भारतीय आणि इंग्रज एका छपराखाली, जमिनीवर बसून जेवणारे, खादी नेसणारे, वरिष्ठ-कनिष्ठ न मानणारे, असा तो आश्रम होता. नंतर तो पुण्यात स्थिरावला. १९२७ साली ऑक्सफर्डहून एक तरुण त्या आश्रमात दाखल झाला. त्याचे नाव व्हेरियर एल्विन. पुढे तो संघातून बाहेर पडला, गांधीजींकडे गेला, पुण्याच्या शामराव हिवाळ्यांना सोबत घेऊन मध्यप्रांतातल्या गोंडांमध्ये जाऊन राहिला. एल्विनच्या चरित्रात साताऱ्याचे नाव शोधून सापडणार नाही. पण पगाराशिवाय, आवाराशिवाय, या देशाच्या पद्धतीने ख्रिस्ताच्या मागे जाता येते हे विन्स्लोने ज्यांच्याकडून घेतले त्यांत टिळक होते.

लक्ष्मीबाईंचे काय झाले? पन्नाशी ओलांडलेली विधवा, हाती काही नाही. मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर काम केले, मग मुलगा देवदत्त, म्हणजे पूर्वीचा दत्तू, यांच्याबरोबर कराचीला राहिल्या, पुन्हा नाशिकला आल्या. टिळकांचे चरित्र लिहायचे म्हणून देवदत्तांनी आईला आठवणी लिहायला सांगितल्या. जोडाक्षरांशी झुंजत, बोलल्यासारख्या, त्यांनी त्या लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली आणि मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत जाऊन बसली. १९५० साली तिचे इंग्रजी भाषांतर निघाले, १९८२ साली विजया मेहतांनी तिच्यावर चित्रपट केला. त्या पुस्तकात तक्रार शोधून सापडत नाही. दारिद्र्य आहे, ताटातूट आहे, मेलेली मुले आहेत, नवऱ्याची तऱ्हेवाईक वागणूक आहे, आणि हे सगळे सांगणारा आवाज स्वच्छ आहे. भक्तीची भाषा त्या फारशी वापरत नाहीत. देवाने सांभाळले, एवढे म्हणून पुढच्या गोष्टीकडे वळतात.

आणखी एक काम उरले होते. टिळकांनी १९०९ च्या सुमारास ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतले होते. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते राहिले. नवऱ्याची विद्वत्ता, संस्कृतची बैठक, छंदःशास्त्राचा अभ्यास यांतले लक्ष्मीबाईंकडे काहीच नव्हते. त्यांनी टिळक थांबले तिथून ओवी उचलली आणि ६४ अध्याय लिहिले. त्यातला ख्रिस्त जलालपूर-पंढरपूरच्या बायकांना कळेल अशा मराठीत बोलतो. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. दोन वर्षांनी, १९३८ साली, दोघांचे ‘ख्रिस्तायन’ एकत्र छापून निघाले.